आठशे मीटर आणि एक विहीर

"समर प्लॅन काय मग?"

मार्च उजाडला की आमच्या ग्रुपवर हा मेसेज पडतोच. कुणी मनालीचं पॅकेज शोधत असतं, कुणी ऋषीकेशचं राफ्टिंग. ज्यांना बॉस सुट्टीच देत नाही ते कोलाडवर समाधान मानतात. २०२५च्या मार्चमध्ये मी उत्तर टाइप केलं, "म्हसवड."

बराच वेळ कुणी काही बोललंच नाही. मग एकानं विचारलं, "हिमाचलमध्ये आहे का गं?"

नाही हो. म्हसवड सातारा जिल्ह्यात आहे. पण सातारा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कास, ठोसेघर, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी वगैरे येत असेल तर ते सगळं पुसून टाका. हे जिल्ह्याचं दुसरं टोक. माण तालुका. इथून जरा पुढे गेलं की सांगली जिल्हा लागतो आणि पाऊस दोन्हीकडे सारखाच रुसलेला. इथं माझ्या मामाचं घर आहे, डाळिंबाची बाग आहे आणि आजी आहे. ही आजी अंगणात घसरून पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मामीला एकटीला झेपेना. आईला रजा मिळेना. मग सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. "तुझं काय, लॅपटॉपवरचं काम! कुठूनही होतं." फ्रीलान्सर म्हणजे रिकामटेकडी, हे आमच्या खानदानात एकमतानं ठरलेलं आहे.

दोन आठवड्यांसाठी गेले. दहा आठवडे राहिले.

पहिल्याच पहाटे पावणेपाचला कुणीतरी माझी चादर ओढली. मामेबहीण. वय वर्षं वीस. 'माझं नाव छापलंस तर बघ' अशी धमकी तिनं दिली आहे, म्हणून आपण तिला धाकटी म्हणू. "ताई, उठ की. मोबाइल घे. टायमिंग लावायचंय."

धाकटी पोलीस भरतीची तयारी करते. माण-खटावमध्ये पहाटे कुठल्याही मोकळ्या मैदानावर जा, धूसर उजेडात पोरंपोरी गोल गोल धावताना दिसतील. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. पन्नासपैकी वीस मार्क एकट्या ८०० मीटरला. बाकी लेखी. २०२४च्या भरतीत धाकटी थोडक्यात हुकली होती आणि पुढची जाहिरात कधी निघणार ते कुणालाच माहीत नव्हतं. तरी ही रोज पावणेपाचला हजर. आठशे मीटरला पूर्ण मार्कांसाठी जे टायमिंग लागतं त्याच्या ती अकरा सेकंद मागे होती. अकरा सेकंद म्हणजे किती, ते मला त्या पहिल्या दिवशी कळलं नाही. सिग्नलला आपण त्याहून जास्त वेळ नुसतं हॉर्न वाजवत असतो!

या भागात पोरी धावतात त्याला एक कारणही आहे. ललिता बाबर इथल्याच. माण तालुक्यातल्या मोही गावच्या. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या फायनलला पोचल्या आणि दहाव्या आल्या. पी. टी. उषानंतर, म्हणजे १९८४नंतर, ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरची वैयक्तिक फायनल गाठणारी ती पहिली भारतीय बाई. फायनलच्या आधीच्या हीटमध्ये तिनं ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा जो राष्ट्रीय विक्रम केला तो थेट २०२३ पर्यंत टिकला. इथल्या पोरींना हे आकडे पाठ आहेत. धाकटीनं मला ते शेवटच्या दशांशासकट ऐकवले.

पण धाकटीची स्वतःची सुरुवात वेगळी. २०१९च्या दुष्काळात माणदेशी फाउण्डेशननं म्हसवडला चारा छावणी उघडली होती. हजारो जनावरं आणि त्यांच्याबरोबर राहायला आलेली माणसं. मामी दोन गायी घेऊन तिथं पालात राहिली, बरोबर चौदा वर्षांची धाकटी. "छावणीतनं शाळा लांब पडायची. मग पळत जायची. जाताना आन् येताना." हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर 'स्ट्रगल स्टोरी' टाइपचं काही म्हणजे काही नव्हतं. तिला त्यात सांगण्यासारखं फक्त एवढंच वाटत होतं की तिच्या चपला फार लवकर झिजायच्या.

तर आमचं डील ठरलं. मी रोज सकाळी टायमिंग लावणार, स्कूटी घेऊन पुढे राहणार. बदल्यात ती मला विहिरीत पोहायला शिकवणार.

आता माझी गोची सांगते. मला पोहता येतं, असं माझं मत होतं. पुण्यात एका पूलवर मी चांगले पैसे भरून दोन महिने क्लास केला आहे. टोपी, गॉगल, सगळं आहे. पण मामाची विहीर म्हणजे पूल नव्हे. जुनी दगडी विहीर, एका बाजूनं उतरत्या पायऱ्या, वर मोटेची धाव अजून शाबूत. खाली हिरवं-काळं पाणी. तळ दिसत नाही, कडेला कठडा नाही, 'तीन फूट' अशी पाटी नाही. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये तिच्यात बादली बुडायची नाही. माणमध्ये उरमोडीचं पाणी आलं तसा आवर्तन सुटल्यावर पाझर लागायला लागला, म्हणून हे लाड. पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन पाठीला बांधून धाकटीनं मला पायरीवरून पाण्यात ढकललं. (मामाच्या वेळी वाळका भोपळा बांधायचे म्हणे.) आसपासची सात-आठ वर्षांची कार्टी धावेवरून धडाधड मुटके मारत होती, सूर मारत होती आणि त्यांच्यामध्ये एक अठ्ठावीस वर्षांची मास कम्युनिकेशनची पदवीधर बाई तेलाच्या डब्यासकट तरंगत होती. फोटो आहेत. दाखवणार नाही.

पोहणं आठवड्यात जमलं. उडी जमेना. धावेवर उभी राहायचे, खाली बघायचे, आणि मला एकदम ऑफिसचे मेल आठवायचे.

बाकी उन्हाळा मात्र फुल पॅक्ड गेला. कसा ते ऐका. महिमानगडावर गेलो. पुण्याच्या ट्रेक ग्रुपनं शिकवल्याप्रमाणे मी शूज, सॅक, ओआरएस, सनस्क्रीन असा जामानिमा केला होता. किल्ला इतका छोटा की माझी सॅक उघडायची वेळच आली नाही. एका सकाळी सायकली काढून राजेवाडीचा तलाव. ब्रिटिशांनी १८७६-७७च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम म्हणून सुरू केलेला हा तलाव. माणगंगेवर, सातारा आणि सांगलीच्या वेशीवर. पाणी खूप मागे सरकलं होतं आणि चिखलात बगळ्यांची सभा भरली होती. घरी येऊन आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "बहात्तर साली आमी खडी फोडली. सुकडी खाऊन. आमच्या खडीचा कुटं तलाव झाला न्हाय, नुसताच रस्ता झाला." मग वॉकरवर हात आपटून, "चल, धर मला. चार फेऱ्या मारायच्यात." आमच्या घरात त्या उन्हाळ्यात दोन ॲथलीट होत्या.

पण मला खरं हलवून सोडलं ते मुंगी घाटानं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शिखर शिंगणापूरची चैत्री यात्रा होती. धाकटी म्हणाली, "तुमच्या रॅपलिंगचं लई कौतुक सांगतीस ना, चल." द्वादशीला संध्याकाळी आम्ही डोंगराच्या कडेला जागा धरून बसलो. खाली कोथळ्याच्या बाजूनं कावडी येत होत्या. लांबलांबच्या गावांतून दिवसेंदिवस चालत आणलेल्या. आडव्या बांबूला दोन्हीकडे पाण्यानं भरलेले रांजण, वर झेंडे. आणि समोर जवळजवळ उभा कडा. मला वाटलं, आता खाली कुठेतरी वळसा असणार, रस्ता असणार. वळसा नाही, रस्ता नाही. माणसांनी एकमेकांचे हात धरले. एक खडकावर पाय रोवतो, त्याला वरचा धरतो, त्याला त्याच्या वरचा... आणि या साखळीवरून कावड हातोहात वर चढते. मध्येच पाच-दहा पावलं घसरते. सगळा डोंगर "हर हर महादेव" करून ओरडतो. पुन्हा चढते. सासवडकडची तेल्या भुत्याची मानाची कावड वर आली तेव्हा अंधारत आलं होतं आणि माझा घसा पूर्ण बसला होता. मी देवधर्मवाली नाही, पण ओरडत होते खरी.

मनात आलं, एवढ्या कष्टानं काय नेतायत वर? पाणी. सगळ्यात कोरड्या दिवसांत, सगळ्यात उंच टेकडीवर, महादेवाला घालायला पाणी. शिंगणापूरचा पुष्कर तलावसुद्धा मालोजीराजे भोसल्यांनी बांधलेला, म्हणजे तिथं पाण्याची चिंता चारशे वर्षं जुनी. मी हे सगळं मोठ्या उत्साहानं धाकटीला सांगत होते. ती ऐकतच नव्हती. खाली बघत म्हणाली, "ताई, ह्यातला एकजण जरी म्हणाला ना, की माझ्यानं आता होत न्हाय, तर कावड खाली."

मग एकदम, "आण्णांनी स्थळ बघितलंय."

आण्णा म्हणजे माझा मामा.

मुलगा विट्याकडचा, स्वतःचं दुकान, निर्व्यसनी, घर बांधलेलं. मे महिन्यातल्या एका रविवारी बघायला येणार होते. पसंती झाली तर दिवाळीनंतर लग्न. "लग्नानंतर पण भरती देता येती, असं म्हणत्यात ते," धाकटी म्हणाली. ते वाक्य तिनं असं उच्चारलं, जशी आपण 'नियम व अटी लागू' वाचतो. "तू बोल ना आण्णांशी. तुझं ऐकतील. तू शिकलेली हायस."

मी म्हटलं, बोलते.

आणि नाही बोलले. एक आठवडा नाही, दोन नाही, तीन नाही. कारणं माझ्याकडे भरपूर होती. आज मामा बागेत फवारणीला गेलाय. आज टँकरवाल्याशी वाजलंय, मूड नाही. आज माझी डेडलाइन आहे. खरं कारण असं की मामाचं म्हणणं मला कळत होतं. तो काही सिनेमातला खडूस बाप नाही. धाकटीचे बूट त्यानंच आणले, उसने पैसे काढून. पण एक भरती गेली, दुसरीचा पत्ता नाही, गल्लीतल्या दोन पोरी चार-चार वर्षं धावून घरी बसलेल्या त्यानं पाहिल्यात. डाळिंबाचं एक वर्ष पैसे होतात, दोन वर्षं तेल्या रोग खातो. हातात आलेलं चांगलं स्थळ त्यानं का सोडावं? मी कोण सांगणार? महिन्याला कधी येतात, कधी येत नाहीत अशा चेकवर जगणारी, स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की फोन कट करणारी भाची!

दरम्यान घरात वाळवणाची धमाल. पहाटे मैदान, आल्यावर गच्चीवर कुरडया, सांडगे, मग डंकावर मिरची कांडायला लाइन. दुपारी ताक-भाकरी खाऊन मी गच्चीच्या जिन्यात बसायचे, कारण अख्ख्या घरात रेंज तिथंच. एका क्लायंटबरोबर व्हिडिओ कॉल चालू असताना माझ्या मागून मामी कुरडयांची परात घेऊन तीनदा गेली. क्लायंट म्हणाला, "नाइस बॅकग्राउण्ड." त्याला वाटलं ते सॉफ्टवेअरमधलं आहे. संध्याकाळी स्वयंपाकघरात माणदेशी तरंग वाहिनी लागलेली. गावाचं स्वतःचं रेडिओ स्टेशन, ९०.४ एफएम. आणि रात्री हुलग्याचं माडगं. पहिल्या दिवशी मी नाक मुरडलं होतं, मेमध्ये दुसरी वाटी मागून घेत होते.

टायमिंग अकरावरून आठवर आलं. आठवरून सातवर. मग अडकलं.

बघायच्या कार्यक्रमाला चार दिवस राहिले होते. दुपारी विहिरीवर आम्ही दोघीच. मी नेहमीप्रमाणे धावेवर उभी, नेहमीप्रमाणे खाली बघत. धाकटी पाण्यात पाठीवर पडून होती. तिथूनच म्हणाली, "राहू दे ताई. तू आण्णांशी पण अशीच बोलनार हायस. काठावर हुबी राहून."

दोस्तहो, एडिटरनं माझी स्टोरी तोंडावर फेकलेली आहे, तेव्हाही एवढं लागलं नव्हतं.

उडी मारली. मुटकाबिटका काही नाही, सरळ दगड पडावा तशी पडले. पाणी नाकात, कानात, डोक्यात. वर आले तेव्हा धाकटी हसत होती. पण मी तिच्याशी काही बोलले नाही, कारण एक शब्द बोलले असते तर निश्चय तिथंच विरघळला असता. ओल्या कपड्यांनीच बागेत गेले. मामा ठिबकची नळी साफ करत बसला होता.

खूप मोठं भाषण तयार केलं होतं मी. मुलींचं शिक्षण, स्वावलंबन, ललिता बाबर, सगळं. तोंडातून आलं ते एवढंच, "मामा, तिला आत्ता लग्न नाही करायचं. ती मला तुमच्याशी बोल म्हणून महिनाभर सांगतेय आणि मी घाबरत होते."

मामानं नळीतून फुंकर मारली. माती उडाली. बऱ्याच वेळानं म्हणाला, "ती का नाही बोलली?"

"तिला वाटतं तुम्ही थकलात."

तो काही बोलला नाही. नळी जोडली. कॉक फिरवून पाणी येतंय का बघितलं. मी निघाले तर मागून विचारलं, "किती सेकंद कमी पडत्यात?"

"सात."

"लई हायत," मामा म्हणाला.

रविवार पुढे ढकलला गेला. आजीच्या तब्येतीचं कारण सांगितलं. आजीनं ते ऐकून वॉकर बाजूला ठेवून घरभर चालून दाखवलं, पण तोपर्यंत फोन झाला होता. स्थळ मोडलं असं कुणी म्हटलं नाही आणि राहिलं असंही नाही. मामी दोन दिवस भांडी जरा जोरात ठेवत होती. तिला ते घर खरंच आवडलं होतं.

आणि मग पाऊस आला. म्हणजे मे महिन्यातच! २५ मे २०२५ला मान्सून महाराष्ट्रात दाखल झाला, पण आमच्याकडे त्याच्या आधीपासूनच धुमाकूळ. उन्हाळ्यात ज्या गावात पाण्यासाठी वाट बघायची तिथं लोक छत्री शोधायला लागले. गच्चीवरच्या शेवटच्या कुरडया गेल्या. मैदानाचा चिखल झाला. मी निघायच्या आदल्या दिवशी पहाटे धाकटी डांबरी रस्त्यावर धावायला निघाली. मी रेनकोट घालून स्कूटी काढते तर मामा बाहेर उभा. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात त्याचा मोबाइल.

"ते घड्याळ कुठं असतंय ह्यात? दाव बरं मला."

मी स्टॉपवॉच काढून दिलं. मोठं हिरवं बटन सुरू करायला, लाल थांबवायला. त्यानं दोनदा करून बघितलं. मग माझ्या हातातली स्कूटीची किल्ली घेतली. त्या दिवशी मी घरी थांबून आजीच्या फेऱ्या मोजल्या.

आता रोज सकाळी सात वाजायच्या आत मला व्हॉट्सॲपवर मामाचा मेसेज येतो. गुड मॉर्निंगची गुलाबाची फुलं वगैरे नाहीत. नुसता आकडा. जूनमध्ये ७, ६, ६, ७. जुलैमध्ये एकदा ९ आला आणि खाली 'ताप होता'. गणपतीत ५. ऑक्टोबरच्या अखेरीला भरतीची जाहिरात निघाली तेव्हा मी नेमकी डेडलाइनमध्ये होते, बातमी मला त्याच्याकडूनच कळली.

'जाहिरात आली. फॉर्म भरला. ३.'